पहिली रोड बाइक घेताना

चि. ओंकार,

ताईचा फोन आला होता. सायकलसाठी चाळीस हजार साठवलेस, शाबास. तू पाठवलेले फोटो पाहिले. सगळ्या दिसायला देखण्या आहेत, पण एकीचंही माप तू कळवलं नाहीस. बजेट बेताचं असेल तर माप आधी पाहावं, गिअर त्यानंतर आणि ब्रँड सगळ्यांत शेवटी.

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभा राहा, जांघेत पुस्तक घट्ट धर आणि जमिनीपासूनची उंची मोज. तिला ०.८८३ ने गुण. ८० सेंमी भरली, तर पेडलच्या मधल्या दांड्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ७०.६ सेंमी हवेत. सीट वर-खाली करता येते, फ्रेमची लांबी मात्र बदलत नाही. मोठ्या फ्रेमवर हँडल गाठताना मान आणि मनगटं भरून येतील. तेव्हा ‘शेवटचा पीस आहे, सूट देतो’ या बोलण्याला भुलू नकोस.

आता गिअर. दुकानदार आठ की नऊ, एवढंच सांगेल. ‘क्लॅरिस’ या गिअरसंचाला मागे आठ चकत्या, ‘सोरा’ला नऊ. पण घाट चढवते ती सर्वांत मोठी चकती. पुढे ३४ दात आणि मागेही ३४ असतील, तर पेडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी होते, म्हणजे सुमारे २.१ मीटर. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्यास ताशी साडेसात किलोमीटर. सिंहगडाच्या चढावर हेच कामाला येतं. जुन्या रेसिंग सायकलींना बहुधा पुढे ३९ आणि मागे २५ असे दात असतात. तिथे त्याच एका फेरीला ३.३ मीटर ओढावे लागतात. नवशिक्याचे गुडघे त्याला कुरकुरतील.

टायर २८ मिमीचे बसतात का, विचारून घे. आपल्या रस्त्यांवर २३ मिमीचे नकोतच. ब्रेक रिमचे असले तरी बिघडत नाही. वजनात किलोभराची बचत करायला दहा हजार घालवू नकोस.

सेकंडहँड मिळाली तर आनंदच, पण कार्बनची नको. आतला तडा बाहेरून दिसेलच असं नाही. जुन्या सायकलची चेनही मोजून पाहा: तिच्या पहिल्या पिनवर पट्टीचं शून्य ठेव. चोविसावी पिन ओलांडून पुढची पिन नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंचांवर येते. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर चेनबरोबर मागच्या चकत्याही बदलाव्या लागतील असं धर आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून माग.

चाळीसातले सहा हजार बाजूला ठेव: हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि कुलूप. पंक्चर काढायला घरीच शीक. ते येत नसेल तर कात्रजच्या घाटात जाऊ नकोस.

पैसे देण्याआधी सायकल अर्धा तास चालवून पाहा. चालवू देत नसेल, तर दुसरं दुकान गाठ. जांघेचं माप मला आजच कळव.

तुझा,
मामा