कार्ड पोहोचवा, पोरालाही विचारा

खारबाव आणि आसपासच्या पाड्यांवरच्या आई-बाबांनो,

बाल कल्याण समितीच्या आदेशाने ज्यांचं मूल बालगृहात आहे, त्यांच्याशी आज मनातलं बोलायचं आहे. घरची ओढाताण, आजारपण, कारण काहीही असो. मूल तिथे गेलं म्हणून तुमचं आई-बापपण संपत नाही.

तिथल्या मुलांच्या लसीकरणाची जबाबदारी संस्थेची. बाल न्याय कायद्याच्या 2016 च्या आदर्श नियमांत तसं लिहिलेलंच आहे, आणि ते योग्यच आहे. 2022 च्या अखेरीस भिवंडीत गोवर पसरला, लेकरं दगावली, हे आपण विसरलेलो नाही. एका खोलीत दाटीने झोपणाऱ्या मुलांत तो किती झपाट्याने फिरेल!

पण तुम्हाला न विचारता सगळं उरकावं, असा या जबाबदारीचा अर्थ मी लावत नाही. शाळांतल्या गोवर-रुबेला मोहिमेबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये पालकांची संमती हवी असंच सांगितलं. ज्यांचे पालक हयात आहेत, त्या बालगृहातल्या मुलांनाही हाच मान मिळावा.

आणि तुमच्याकडे अशी माहिती असते, जी अधीक्षकांकडे नसते. रेशनकार्डाच्या घडीत जपलेलं ते माता-बाल संरक्षण कार्ड! नवव्या महिन्याचा आणि सोळाव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा डोस झाला का, हे त्यावरच कळतं. आधीच्या सुईनंतर अंगावर पुरळ उठलं होतं का, फिट आली होती का, हे तर फक्त आईलाच आठवतं. कार्ड हरवलं असेल, तर आशाताईंना किंवा खारबावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, जुनी नोंद सापडू शकते.

आता पोरांचं. 12 वर्षांखालच्या मुलाची संमती भारतीय न्याय संहितेच्या 28 व्या कलमानुसार संमती धरत नाहीत. म्हणून त्याला काही सांगूच नये का? बाल न्याय कायद्याच्या 3 ऱ्या कलमात मुलाचं म्हणणं ऐकण्याचं तत्त्व आहे. मोठ्या पोरांनाही हे लागू आहे: सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची सुई असते. बाही वर करून रांगेत उभ्या असलेल्या मुलाला ती कशाची, हेच ठाऊक नसेल, तर ते मला साफ चूक वाटतं. घरापासून तुटलेल्या मुलाच्या अंगाला हात लावण्याआधी त्याला सांगायलाच हवं.

पुढच्या भेटीला जाताना कार्डाची झेरॉक्स न्या, अधीक्षकांच्या हाती द्या आणि लस टोचायच्या आधी आम्हाला कळवा, एवढं स्पष्ट सांगून या.