दाढेच्या खळग्यात आपलेच रक्त

वस्तीतल्या एका मावशींनी आम्हाला दवाखान्याचा खर्चाचा कागद दाखवला. काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, बसवायचा होता. त्याखाली वेगळ्या पैशांची एक ओळ होती : पीआरएफ. "माझंच रक्त काढून मलाच घालणार, आणि पैसेही माझेच?" मावशींचा प्रश्न रास्त होता.

दाढ काढली की तिथले हाड झिजते. पहिल्या वर्षात त्याची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते. स्क्रूला धरायला हाड हवे, म्हणून हा खटाटोप.

पीआरएफची पद्धत २००१ साली फ्रान्सचे डॉ. जोसेफ शुक्रून यांनी मांडली. हातातून थोडे रक्त घेऊन ते लगेच सेंट्रिफ्यूज यंत्रात दहा-बारा मिनिटे फिरवतात. रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध घालतात, ते इथे घालत नाहीत; म्हणून उशीर झाला तर साधी गुठळीच हाती येते. वेळेत फिरवले तर तळाला लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधे खरवसासारखा मऊ गोळा तयार होतो. तोच पीआरएफ. डेंग्यूत मोजतात त्या प्लेटलेट या गोळ्यात अडकलेल्या असतात. त्यांतून वाढीचे घटक काही दिवस हळूहळू सुटतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि जखम भरायला मदत होते.

मग हाड वाढते का? हिरडी लवकर भरते, अक्कलदाढ काढल्यावर खळगा कोरडा पडून होणारा ठणकाही कमी जणांना होतो. नव्या हाडाबाबत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. हाड फार कमी असेल तर हाडाची भुकटी भरावी लागते, पीआरएफ फक्त तिच्या जोडीला. 'रक्त घातले की हाड उगवते' असे कोणी सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

मिश्री चालू ठेवून पीआरएफला पैसे देणे म्हणजे गळक्या मडक्यात पाणी भरणे. तंबाखू आणि वाढलेली साखर जखम भरू देत नाहीत. रक्त पातळ करणारी किंवा ठिसूळ हाडांसाठीची औषधे चालू असतील तर आधी सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. सुई आणि नळी नवी, आपल्यासमोर फोडलेली असावी.

मावशींनी दुसरीकडे दाखवले. एक्स-रेत हाड पुरेसे निघाले आणि ती ओळ कागदावरून गेली. साखरेची तपासणी मात्र वाढली.