परोपकारातील समाधान : अपेक्षा आणि फळ

दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याने आपल्याच मनाला समाधान लाभते, असा अनुभव अनेक सज्जन सांगतात. तो खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यावरून असा एक समज रूढ होत चालला आहे की, ज्याला समाधान हवे असेल त्याने परोपकार करावा. जणू समाधान हे साध्य आणि दुःखी जीव हे त्याचे साधन! हा समज साधकाला कोठे नेऊन सोडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

समाधानासाठी सेवेला गेलेला मनुष्य प्रथम उत्साहाने राबतो. पुढे ज्याची सेवा केली तो कृतज्ञता दाखवीत नाही, कधी उलट बोलतो, कधी कामात दुसऱ्याचेच नाव होते. मग 'एवढे केले, पण कोणी विचारले नाही' असे म्हणून तो खिन्न होतो आणि सेवा सोडतो. सेवा सुटते ही एक हानी; परंतु 'माणसे उपकाराच्या लायकीचीच नसतात' हा कडवटपणा अंतःकरणात घर करतो, ही त्याहून मोठी हानी होय. तेव्हा हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. सेवेची सुरुवात ज्या भावनेने होते, तिच्यावर सेवा टिकणे न टिकणे अवलंबून असते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण चक्रवर्तींनी दानाचे तीन प्रकार निरूपण केले आहेत. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक. उलट उपकार व्हावा म्हणून, फळावर दृष्टी ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेले राजस. देश, काळ, पात्र न पाहता, अनादराने आणि तुच्छतेने दिलेले तामस. हे निरूपण द्रव्यदानाचे असले तरी श्रमाच्या व वेळेच्या दानालाही ते तंतोतंत लागू पडते. येथे लक्षात घ्यावे की, फळ म्हणजे केवळ धन किंवा कीर्ती नव्हे. 'मला बरे वाटावे' ही इच्छादेखील फळावरचीच दृष्टी आहे; फक्त ती सूक्ष्म असल्यामुळे चटकन ध्यानात येत नाही.

देश, काळ, पात्र न पाहिल्याने काय होते, याचे एक उदाहरण आपल्या काळातलेच आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या त्सुनामीने तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मोठा अनर्थ केला. देशभरातून मदतीचा ओघ लागला. त्यात जुन्या कपड्यांचे इतके ढीग आले की, ते वापरावाचून रस्त्याच्या कडेला पडून राहिले. देणाऱ्यांच्या मनात दया नव्हती असे नाही. परंतु त्या कोळ्यांना नेमके काय हवे आहे, हे पुष्कळांनी विचारले नाही. देणाऱ्याचे कपाट रिकामे झाले, त्याला समाधान मिळाले. घेणाऱ्याचा मात्र उपयोग झाला नाही.

याउलट रक्तदानाचा विचार करावा. आपले रक्त कोणाच्या देहात जाणार, हे रक्तदात्याला कळत नाही आणि रक्त घेणाऱ्यालाही दात्याचे नाव ठाऊक नसते. परतफेडीला जागाच नाही. परंतु येथेही काळ पाहावाच लागतो. साठवलेल्या तांबड्या रक्तपेशी साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकतात. एखादी दुर्घटना घडताच शेकडो लोक एका दिवशी रांगा लावतात. आणि मे महिन्यात महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्या, शिबिरे थांबली, की रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. भावनेच्या भरात एकदा देणाऱ्यापेक्षा गाजावाजा न करता नेमाने देणारा अधिक उपयोगी पडतो, हे यावरून दिसून येईल.

आता आपल्या लीळांकडे वळू. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी बसले असता पारध्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येऊन त्यांच्या गुडघ्याखाली लपला, ही लीळा सर्व उपदेशी जनांना ठाऊक आहे. पारध्यांनी आपला ससा मागितला. स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही. उलट पारध्यांनाच निरूपण करून हिंसेपासून परावृत्त केले. या लीळेतील अभयदान आपण सर्व जण सांगतो. परंतु तिचा शेवट तितकाच विचारणीय आहे. भय टळल्यावर स्वामींनी गुडघा उचलला आणि सशाला जाऊ दिले. त्याला जवळ ठेवले नाही, पाळले नाही, त्याच्याकडून काही अपेक्षिले नाही. संकट होते तोवर आश्रय आणि संकट सरताच मोकळीक, ही सेवेची मर्यादा त्यातून कळते. आपण मात्र अनेकदा गुडघा उचलतच नाही. ज्याला मदत केली त्याने जन्मभर आपल्या उपकाराखाली राहावे, असे मनातून वाटत राहते.

श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रातही असाच बोध आहे. ऋद्धिपूरच्या मातंगांना पाण्यावाचून फार कष्ट होत असता त्यांची विनवणी प्रभूंनी स्वीकारली आणि विहिरीची जागा दाखवली. तेथे पाणी लागले. घोटभर पाणी देऊन तहान तेवढी भागवता आली असती. परंतु विहीर झाल्याने उद्या पुन्हा कोणाच्या दारी हात पसरण्याची गरज उरली नाही. ऋद्धिपूरचे लोक प्रभूंना माय आणि बाप मानीत, त्याचे मर्म अशा लीळांत आहे.

अर्वाचीन काळात विदर्भाच्या याच भूमीत बाबा आमटे (१९१४–२००८) यांचे कार्य उभे राहिले. कुष्ठरोगाने गलित झालेला, मरणोन्मुख तुळशीराम नावाचा मनुष्य पावसात पडलेला पाहून ते प्रथम भयाने दूर पळाले. मग स्वतःच्या भयाची लाज वाटून परत फिरले आणि त्याची शुश्रूषा केली. म्हणजे त्या सेवेचा आरंभ समाधानातून झाला नाही, भयाला सामोरे जाण्यातून झाला. पुढे वरोऱ्याजवळ ओसाड जमिनीवर त्यांनी पत्नी साधनाताई आणि मोजक्या रुग्णांसह आनंदवन वसवले; १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. तेथे रुग्णांना बसवून खाऊ घालण्याचा मार्ग धरला नाही. त्यांनीच विहिरी खणल्या, शेते पिकवली, घरे बांधली. समाजाने ज्यांना दूर लोटले होते, त्यांच्याच श्रमातून त्या समाजाच्या मुलांसाठी वरोऱ्यात १९६४ साली महाविद्यालय उभे राहिले. सेव्य होता तोच सेवक झाला. उपकारलेला मनुष्य स्वतःच्या पायांवर उभा राहून दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागला, तर ती सेवा पूर्णत्वाला गेली असे समजावे.

येथे अशी शंका संभवते की, परमेश्वराला अनुसरलेल्या विरक्ताने या व्यापात का पडावे? नामस्मरण, भिक्षा, अटन, विजन हाच त्याचा आचार नव्हे काय? याचे उत्तर असे की, नित्यविधी हा विरक्ताचा मुख्य धर्म आहे. त्याच्या जागी लोकोपयोगी कामे ठेवून चालणार नाही. परंतु आपल्या झोळीत पडणारे अन्न कोणाच्या तरी कष्टाचे असते, हे विसरूनही चालणार नाही. शेजारच्या आसनावरील वृद्ध साधू तापाने तळमळत असता त्याला पाणी न देता जो माळ ओढीत बसतो, त्याच्या स्मरणात दयेचा अंश किती, याचा त्यानेच विचार करावा. 'मी कोणाला मारले नाही' एवढ्याने अहिंसा पुरी होत नाही. पारध्यांपासून ससा वाचवणे हीही अहिंसाच होती. आणि गृहस्थ वासनिकांना तर ही शंका घेण्याचे कारणच नाही.

आता दृष्टान्त. एका शेतकऱ्याची जुनी विहीर होती. बरीच वर्षे उपसा नसल्याने तिचे पाणी हिरवे पडले, गाळाने झरे बुजले. एका वर्षी पाऊस लांबला. शेजाऱ्याचे पीक करपू लागलेले पाहून त्याने आपल्या विहिरीवर मोट जोडली आणि पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडले. चार दिवस गढूळ पाणी आले, मग गाळ निघाला, झरे मोकळे झाले आणि विहिरीला नवे पाणी आले.

दार्ष्टान्तिक असे : विहीर ते साधकाचे अंतःकरण. गाळ तो अहंभाव. उपसा ती सेवा. मोकळे झालेले झरे ते समाधान. शेतकऱ्याने मोट जोडली ती शेजाऱ्याचे पीक वाचावे म्हणून; झरे मोकळे झाले ते आपोआप. झऱ्यांसाठीच पाणी उपसून त्याने ते खडकावर ओतले असते, तर पीकही करपले असते आणि तो दर घटकेला विहिरीत वाकून पाहत बसला असता. चार दिवस गढूळ पाणी आले, हेही ध्यानात ठेवावे. सेवेच्या आरंभी साधकाला राग, कंटाळा, मानाची इच्छा हेच प्रथम वर आलेले दिसेल. त्याने घाबरून मोट सोडू नये.

म्हणून सेवेला प्रवृत्त होणाऱ्याने तीन गोष्टी आचरणात आणाव्यात. पहिली, देण्यापूर्वी विचारावे. जिल्ह्याच्या रुग्णालयात खेड्यातून आलेल्या नातेवाइकाला फळांच्या करंडीपेक्षा केसपेपरच्या रांगेत उभा राहणारा आणि एक रात्र रुग्णाजवळ बसणारा माणूस अधिक हवा असतो. दुसरी, थोडे करावे पण नेमाने करावे. यात्रेच्या एका दिवशी पंगतीत वाढणे चांगलेच. परंतु आश्रमातील वृद्ध तपस्विनींची विचारपूस आठवड्यातून एकदा वर्षभर करणे कठीण आणि म्हणून श्रेष्ठ. तिसरी, काम झाल्यावर गुडघा उचलावा. उपकाराची आठवण ज्याच्यावर झाला त्याने ठेवली तर ते त्याचे सौजन्य. करणाऱ्याने ती ठेवू नये.

अशा रीतीने सेवा करणाऱ्याला समाधान लाभते काय? लाभते. परंतु ते मागून येते, आणि बहुधा आपण त्याची वाट पाहणे सोडल्यानंतर येते.