दरबाराची प्रत करून घेताना

आमच्या वाचनालयाच्या सभागृहात पुणे दरबाराचं चित्र लावायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. चित्र अनेकांनी पुस्तकांतून पाहिलेलं. टिपूविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज १७९० मध्ये एकत्र आले, त्या तहाच्या दरबाराचं. मसनदीवर सवाई माधवराव, समोर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट, मागे गणपती आणि नक्षीदार खांब. थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेलं हे भलंमोठं तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. छापील नको, हाताने रंगवलेली प्रत हवी, असं सर्वांचं मत पडलं. मागणीप्रमाणे चित्रं रंगवून देणाऱ्या एका व्यावसायिकाला आम्ही काम दिलं. त्याने दाखवलेले नमुने खरोखर सुरेख होते.

चित्र आलं तेव्हा रंग झळाळत होते, पण दरबार हरवला होता. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ चा, म्हणजे या प्रसंगी ते जेमतेम सोळा वर्षांचे. प्रतीत मात्र चाळिशीचा, भरघोस मिशांचा राजा बसला होता. पगडीचा फेटा झाला होता. नाना फडणीस कोणते हे ओळखण्याची सोय उरली नव्हती आणि मागच्या रांगांत एकच चेहरा पुन्हा पुन्हा उमटला होता. गणपती कॅलेंडरातला, खांब गुळगुळीत. चौकटीत बसवण्यासाठी दोन्ही कडांची माणसं कापून टाकली होती. युरोपीय पाहुण्यांचे चेहरे मात्र एकेक वेगळे, नीट निरखून काढलेले! ज्यांचा दरबार त्यांना गर्दी करून टाकायचं आणि पाहुण्यांना व्यक्तिमत्त्व द्यायचं, हा अन्याय मला सहन झाला नाही. आम्ही ती प्रत लावली नाही.

हे मनाला इतकं लागण्याचं कारण सांगतो. हा दरबार शनिवारवाड्यातला, आणि तिथल्या महालांची १८२८ च्या आगीत राख झाली. आज तिथे जोती उरली आहेत. आतला थाट डोळ्यांपुढे आणायला जी थोडी साधनं आहेत, त्यांतलं हे एक. आणि यातले चेहरे हवेतून आलेले नाहीत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव, नाना आणि महादजी शिंदे यांची चित्रं प्रत्यक्ष समोर बसवून काढली. १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या रेखाटनांच्या आधारे डॅनियलने पुढे इंग्लंडमध्ये हा प्रसंग उभा केला. म्हणजे १७९० च्या दरबारात वेल्सही नव्हता आणि डॅनियलही नव्हता. मांडणी रचलेली, पण चेहरे पाहून काढलेले. प्रत करताना चेहरेच गेले, तर चित्रातला सर्वांत भरवशाचा भाग गेला.

म्हणून अशी प्रत करून घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे की, चित्रकार शोधण्याआधी चित्र वाचा. त्यात कोण आहे, कुठे बसलंय, डोक्यावर काय आहे, मागे काय दिसतंय, याची यादी करा आणि ती कामाच्या करारालाच जोडा. वेल्सने काढलेलं सवाई माधवराव आणि नाना यांचं एकत्र चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याचा फोटो चित्रकाराच्या हाती द्या. चेहऱ्यासाठी असा दुसरा आधार मिळतो, तेव्हा अंदाजाला वाव राहत नाही.

मूळ चित्राचा मोठा, स्पष्ट फोटो संग्रहालयाच्या छायाचित्र विभागाकडून रीतसर मिळवा. मोबाइलवर उतरवलेल्या बारीक फोटोत मागची रांग पुसट असते आणि जिथे दिसत नाही तिथे रंगवणारा मनाचं भरतो. आमच्या चित्रात नेमकं हेच झालं होतं. उंची-रुंदीचं प्रमाण मूळचंच ठेवा. भिंत लहान असेल तर चित्र लहान करा, कापू नका.

चित्रकार निवडताना त्याची निसर्गचित्रं पाहू नका, व्यक्तिचित्रं पाहा. आधी चौकडी आखून केलेलं रेखाटन, मग एकरंगी थर, मग रंग, अशा टप्प्यांनी काम आणि पैसे ठरवा. रेखाटनातच प्रत्येक चेहरा तपासा. तैलरंग चढल्यावर दुरुस्ती महाग पडते. घाई तर अजिबात करू नका. जाड थर पुरता वाळायला महिने लागतात आणि त्याआधी वॉर्निश दिलं तर पुढे भेगा पडू शकतात.

हाताने रंगवलेलं म्हणून छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे मारलेला मालही बाजारात मिळतो. भिंग लावून पाहा. छपाई असेल तर बारीक ठिपके दिसतात. तिरक्या उजेडात फटकारे आकाराला धरून जातात का, तेही बघा. जेलचे फटकारे नाक-डोळे न पाहता वाटेल तसे फिरतात.

प्रत म्हणजे हलकं काम, असं कुणी म्हटलं तर त्याला अजिंठ्याची हकिगत सांगा. मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली १८७२ पासून पुढे बरीच वर्षं तिथल्या चित्रांच्या प्रती करत होते. त्यांतल्या अनेक १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. ज्या वाचल्या, त्यांवरून अभ्यासक आज लेण्यांतल्या झिजलेल्या चित्रांचा अंदाज बांधतात. मन लावून केलेली प्रत पुढच्या पिढीला पुरावा म्हणून उपयोगी पडते.

शेवटी प्रतीच्या मागे मूळ चित्रकाराचं नाव, १८०५ हे साल, मूळ चित्र कुठे आहे ते, प्रत करणाऱ्याचं नाव आणि प्रतीचं साल ठळक लिहून घ्या. त्यामुळे उद्या कुणी ती जुनी म्हणून विकू शकणार नाही आणि रंगवणाऱ्याचे कष्टही निनावी राहणार नाहीत. भिंतीवर, चित्राखाली, आणखी एक ओळ हवीच : हा प्रसंग पंधरा वर्षांनी, दुसऱ्याच्या रेखाटनांवरून रचलेला आहे. शाळेतली मुलं हे चित्र खरं मानून पाहणार आहेत. त्यातलं किती पाहिलेलं आणि किती रचलेलं, हे त्यांना सांगणं आपलं कर्तव्य आहे.