आधी कोण? संगणकातील प्राधान्यक्रम

छात्रमित्रांनो, म्हैसूरच्या दसऱ्यातील जंबू सवारी आठवा. सर्वांत मोठा मान सोन्याच्या अंबारीचा; पण निशाणाचा हत्ती आणि चित्ररथ आधी निघतात, अंबारी मागून येते. मान आणि क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकातही तसेच असते.

प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणी एकच प्रक्रिया चालवतो. बाकीच्या रांगेत थांबतात. पुढची पाळी कोणाची, हे ऑपरेटिंग सिस्टिममधील शेड्युलर ठरवतो. लिनक्समध्ये साध्या प्रक्रियेला -२० ते १९ यांपैकी एक 'नाइस' अंक असतो. एरवी तो ० असतो. अंक जितका लहान, तितका प्रोसेसरच्या वेळेतला वाटा मोठा. साधा वापरकर्ता आपल्या प्रक्रियेचा अंक वाढवून इतरांना वाट देऊ शकतो. तो कमी करण्यासाठी मात्र सहसा प्रशासकाचा अधिकार लागतो.

काटेकोर प्राधान्यात दोन धोके असतात. पहिला उपासमारीचा. वरच्यांची रांग संपलीच नाही, तर खालच्याची पाळी येतच नाही. यावर उपाय असा, की जो जास्त थांबेल त्याचे प्राधान्य हळूहळू वाढवायचे.

दुसरा धोका फसवा आहे. समजा, क्रीडासाहित्याच्या खोलीची किल्ली एका कनिष्ठ छात्राकडे आहे आणि कॅप्टनला ती तातडीने हवी आहे. तेवढ्यात मधल्या वर्गातील छात्राने त्या कनिष्ठाला दुसऱ्याच कामाला पिटाळले. आता कॅप्टन कोणामुळे खोळंबला? किल्लीवाल्यामुळे नव्हे, तर मधल्यामुळे! याला प्राधान्याची उलटापालट म्हणतात.

हे मंगळावर खरोखर घडले. ४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' यान तेथे उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला आणि त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाऊ लागले. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कनिष्ठ प्रक्रियेकडे 'किल्ली' होती, माहितीच्या देवाणघेवाणीवर देखरेख करणारी वरिष्ठ प्रक्रिया तिची वाट पाहत होती आणि मधल्या प्राधान्याची कामे प्रोसेसर अडवत होती. वरिष्ठ काम वेळेत झाले नाही, की पहारेकरी घड्याळ संगणक नव्याने सुरू करी.

अभियंत्यांनी पृथ्वीवरील तशाच यंत्रणेवर बिघाड पुन्हा घडवून त्याचे कारण शोधले. मग सुमारे १९ कोटी किलोमीटरवरील यानात प्राधान्याच्या वारशाची सोय सुरू केली. म्हणजे किल्ली परत येईपर्यंत ती बाळगणाऱ्या कनिष्ठाला वाट पाहणाऱ्या वरिष्ठाचे प्राधान्य मिळते. मधला त्याला अडवू शकत नाही. काम झाले, की तो पुन्हा आपल्या जागी. त्यानंतर यान सुरळीत चालले.

आपला अधिकार काही क्षण कनिष्ठाला उसना देणे, यातच वरिष्ठाचे काम वेळेत होण्याचा मार्ग होता. उद्या हाती तुकडी येईल, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

स्वाध्याय
१. 'नाइस' अंक ५ आणि -५ यांपैकी कोणत्या प्रक्रियेला अधिक वाटा मिळेल?
२. वरील उदाहरणात कॅप्टनने काय केले असते, तर किल्ली लवकर मिळाली असती?
३. तुमच्या दिनक्रमात उपासमार होणारे एक काम शोधा आणि त्यावर उपाय सुचवा.