आधी पाणी कुठे थांबतं ते बघ

पोरी, कोपरखैरण्यात घर घेतलंस, पुढे सहा फुटांची पट्टी मिळाली, आणि फोनवर पहिलाच प्रश्न विचारलास, मामा, रोपं कुठली आणू? रोपं सगळ्यात शेवटी. साताऱ्याकडे आमचे वडील नवं रान हातात आलं की एक पावसाळा नुसतं बघत. तुला एवढा धीर नसेल तर निदान मृग जाऊ दे, लावणी आर्द्रात कर.

मृगाच्या पहिल्या जोरदार सरीला छत्री घेऊन अंगणात उभी राहा. कोपरखैरणे खाडीकाठचं आहे. खाली खारा गाळ, वर मुरमाचा भराव, आणि त्यावर घर वाढवताना ज्यानं त्यानं पुरलेलं डेब्रिज. ऐन भरतीत पाऊस कोसळला तर नाल्याच्या पाण्याला खाडीत जायला वाट नसते. सिडकोनं नवी मुंबईत धारण तलाव बांधले ते त्यासाठीच. तर तुझ्या अंगणात पाणी कुठून येतं, कुठे साचतं, किती वेळ राहतं, हे डोळ्यांनी बघायचं आणि तिथे काठी रोवायची. एक हातभर खड्डा खणून त्यात आत्ताही दोन बादल्या ओतून बघ. सकाळी पाणी तसंच दिसलं तर तिथे खड्ड्यात झाड लावायचं नाही, विटा लावून फूटभर उंच वाफा करायचा. आणि उतार नेहमी घराच्या पायापासून बाहेर, चार फुटांना एक इंच. भिंतीकडे पाणी वळवलंस तर बागेआधी प्लास्टर जाईल.

दुसरं ऊन. लोक म्हणतात आमच्याकडे भरपूर ऊन येतं, पण कधी, ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग जुलैच्या अखेरीपर्यंत तो उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणून घराच्या उत्तरेच्या पट्टीला मे-जूनमध्ये छान ऊन मिळतं आणि तू खूश होऊन तिथे मोगरा लावतेस. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो. दहा फुटांच्या भिंतीची सावली भर दुपारीसुद्धा नऊ फुटांवर जाते. कोपरखैरण्यात मूळची बैठी घरं आता दोन-दोन, तीन-तीन मजली झालीत, म्हणजे शेजाऱ्याची सावलीही हिशेबात धर. उत्तरेला अळू, नागवेल, ब्राह्मी. मोगरा, जास्वंद, लिंबू, तुळस यांना दक्षिण नाहीतर पश्चिम दे. अनंत अर्ध्या सावलीत चालतो.

आता कागद घे. आधी काय काढायचं? झाडं नाही. स्कूटर, कपड्यांची दोरी, नळ, पाण्याच्या टाकीचं झाकण, चेंबर. यांच्या जागा हलत नाहीत आणि त्यांच्यापर्यंत रोज जावं लागतं. त्यांना जोडणारी दोन फुटांची वाट आख. उरेल ती बाग. अंगणात खुर्ची टाकायला जागा राहिली नाही तर ती नर्सरी झाली, बाग नव्हे. एसीच्या बाहेरच्या डब्यासमोर काही लावू नकोस, त्या गरम वाऱ्यानं पानं करपतात. त्याचं टपकणारं पाणी मात्र बादलीत धर, त्यात क्षार नसतात.

झाडाची जागा त्याच्या पिशवीतल्या उंचीवरून ठरवायची नाही. सोनचाफा नर्सरीत गुडघ्याएवढा असतो, पुढे दुमजली घरावरून जातो. शेवग्याची फांदी ठिसूळ, पावसाळी वाऱ्यात पत्र्यावर येते. मधुमालती कमानीवर देखणी, पण तिचं ओलं ओझं हलका पाइप पेलत नाही. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला तर दोन पानांचा असतानाच उपट. नंतर हौस फिटली म्हणून झाड तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे, आणि तो तुझ्या अंगणातल्या झाडालाही लागू आहे. तोडायला महापालिकेची परवानगी लागते. म्हणून सहा फुटांत मोठं झाड एकही नको. पारिजातक किंवा कढीपत्ता, छाटून ठेवलास तर पुरे.

मातीवर पैसे घाल, पण रंगीत दगड-गोट्यांवर घालू नकोस. डेब्रिज उपसून टाक. सिमेंटच्या चुन्यानं पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात, आणि लोक त्यावर औषध मारत बसतात. लाल माती, कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड, वर वाळका पाला. पाल्याला कमी लेखू नकोस, आणि जमिनीलाही. सेक्टर १४ मधलं निसर्ग उद्यान जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभं आहे, एकदा सकाळी जाऊन बघ, म्हणजे आपली जमीन खराब आहे ही तक्रार तू करणार नाहीस.

गच्चीवर ड्रम ठेवायचे असतील तर वजन मोज. वीस लिटरच्या डब्यातली ओली माती तीस किलोच्या वर जाते. ते डबे तुळईवर, भिंतीकडेला; स्लॅबच्या मध्यावर नाहीत. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी पालथ्या कर, डासाच्या अंड्याचा डास व्हायला जेमतेम आठ-दहा दिवस लागतात.

नर्सरीत फुलानं लगडलेलं रोप घ्यायचं नाही. पिशवी उलटी करून मुळं बघ. गोल गुंडाळली असतील तर परत ठेव. पहिल्या वर्षी कढीपत्ता, जास्वंद, मोगरा आणि एक गवती चहा, बास. झेंडू मात्र नागपंचमीच्या सुमारास आडोशाला बियांपासून कर, दसऱ्याच्या तोरणाला घरचा येतो. आणि डेब्रिज काढायचं ते वैशाखातच काढून घे. मृग लागला की इथल्या चिकट गाळात फावडं चालत नाही.