हुशार माणसाचं ताट कोण उचलतं?

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय तेरावा, श्लोक ७ ते ११



आजचे पाच श्लोक म्हणजे एक यादी आहे. (काही प्रतींत या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाच्या प्रश्नाचा एक जास्तीचा श्लोक असतो. तुमच्याकडे तशी प्रत असेल तर ८ ते १२ बघा.) ज्ञान कशाला म्हणायचं, हे भगवंत इथे सांगताहेत. आपण ज्ञान म्हटलं की जे डोळ्यांसमोर आणतो, म्हणजे पाठांतर, गणित, चटकन उत्तर देणं, त्यातलं या यादीत काहीच नाही. सुरुवात अमानित्वापासून आहे. मान मिळावा ही हाव नसणं. मग दंभ नसणं, कुणाला न दुखावणं, सहन करणं, सरळपणा, गुरुसेवा, स्वच्छता, स्थिरपणा. मोजले तर असे वीस गुण भरतात. आणि शेवटी भगवंत सांगतात की ज्ञान ते हे, याच्या उलट असेल ते अज्ञान.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्र वाटलं होतं. ज्ञानाची व्याख्या मागितली आणि हातात सवयींची यादी आली! स्वच्छता हे ज्ञान कसं? पण या वर्षी मे महिन्यात नांदुऱ्याला घरी गेलो होतो, तेव्हापासून ही यादी मी वेगळ्या नजरेने वाचतो आहे.

झालं असं की ताई मुलांना घेऊन पुण्याहून आली होती. भाची तेरा वर्षांची, भाचा दहाचा. भाच्याने उन्हाळ्याच्या आधी एक बुद्धिमापन चाचणी दिली होती आणि त्यात तो वरच्या दोन टक्क्यांत आला. प्रमाणपत्र लॅमिनेट करून सोबत आणलेलं. शेजारपाजारच्या काकू बघून गेल्या. पोरगा खरंच तल्लख आहे, त्यात वाद नाही, आणि मामा म्हणून मलाही आनंद झालाच. पण तीन-चार दिवसांत घरातल्या कामांची वाटणी हळूहळू बदलली. तो जेवून उठायचा आणि ताट तिथेच राहायचं. नळ आला की भाचीला हाक. "त्याला कोडं सोडवू दे, मध्ये उठवू नका." कुणी ठरवून केलं नाही, पण मुलगा हुशार ठरला आणि मुलगी कामाची ठरली.

एका संध्याकाळी भाची आणि मी हायवेकडे फिरायला गेलो. नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान तुमच्यापैकी अनेकांनी गाडीतून जाताना पाहिला असेल. तिथे पोचल्यावर तिने विचारलं, "मामा, एका घरात हुशार एकच असतो का?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी आधी ही मंडळं नेमकी काय आहेत ते बघू. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध मेन्सा. १९४६ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर या दोघांनी ते सुरू केलं. अट एकच, मान्य असलेल्या चाचणीत लोकसंख्येच्या वरच्या दोन टक्क्यांत यायचं. जात, धर्म, पदवी, पैसा काही बघायचं नाही. पुढे ही संस्था जगभर पसरवण्यात व्हिक्टर सेरेब्रियाकॉफचा मोठा वाटा होता, आणि तो लाकडाच्या धंद्यातला माणूस, शाळा लवकर सोडलेला. ही बाजू मला आवडते. लॅटिनमध्ये मेन्सा म्हणजे टेबल. सगळे एका गोल टेबलाभोवती बरोबरीने बसतील, अशी ती कल्पना.

आता जरा हिशोब करू, कारण सवय जात नाही. समजा पन्नास हजार वस्तीचं गाव आहे. त्याचे दोन टक्के म्हणजे एक हजार माणसं! चाचणी दिली तर पास होतील अशी हजार माणसं त्या गावात आत्ता, या क्षणी, आहेत. कुणी बाजार समितीत काटा करतंय, कुणी एसटीत तिकिटं फाडतंय, कुणी चुलीपुढे आहे. त्यातल्या बहुतेकांनी मेन्साचं नावही ऐकलेलं नाही. आणि दोन टक्क्यांवर समाधान न झालेल्यांसाठी पुढची मंडळंही आहेत. ट्रिपल नाइन सोसायटी हजारात एकासाठी, मेगा सोसायटी दहा लाखांत एकासाठी. मान ही गोष्ट अशीच असते, एक मजला चढला की वरचा दिसायला लागतो. भगवंतांनी यादीत अमानित्व पहिलं का ठेवलं असेल, याचं एक उत्तर मला इथे सापडलं. (याच यादीत लोकांच्या गर्दीत, बैठकीत मन न रमणं हाही एक गुण आहे. म्हणजे क्लबांचा विषय भगवंतांनी एका शब्दात निकालात काढला म्हणायचा. गंमत हो, फार मनावर घेऊ नका.)

पण चाचण्यांना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. त्यांचा जन्म मानासाठी झालेलाच नाही. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तीच चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही ओळखली जाते. १९३८ साली आलेल्या रेव्हनच्या चाचणीत तर शब्दच नाहीत, नुसत्या आकृत्या, त्यामुळे शाळेची भाषा न येणाऱ्या मुलाचीही बुद्धी दिसू शकते. पुण्यात मेन्साच्या लोकांनी आदिवासी मुलांमध्ये अशी मुलं शोधून त्यांना पुढे आणण्याचं काम केलं आहे. आणि पुण्यातच १९६२ साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. बुद्धिमान मुलं निवडायची, पण ती बुद्धी समाजाच्या कामी लावायची, हा त्यांचा ध्यास. तिथे निवड होणं ही शेवटची पायरी नसून पहिली आहे, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. चाचणी म्हणजे पाण्याची पातळी बघायची काठी. ती विहिरीत किती पाणी आहे ते सांगेल, पण कुणाची तहान भागली ते सांगणार नाही.

आता ज्ञानेश्वरीकडे येतो. माउलींनी १२९० साली नेवाशात हा ग्रंथ सांगितला, आणि तेराव्या अध्यायात या वीस गुणांवर ते खूप वेळ थांबतात. मूळ श्लोकात जिथे एक शब्द आहे तिथे इकडे ओव्यांमागून ओव्या. अमानित्वाबद्दल ते सांगतात त्याचा आशय असा, की अशा माणसाची कुणी स्तुती केली तर तो अवघडतो. अंगी बृहस्पतीइतकं ज्ञान असलं तरी मोठेपणाच्या धास्तीने तो वेड्याच्या रूपात लपतो.

आमच्या भागात हे वाचताना एकच नाव आठवतं. नांदुऱ्याहून गाडी नागपूरच्या दिशेने निघाली की जलंब आणि मग शेगाव. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले, ते कसे? देविदास पाटलांच्या मठाबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खाताना. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, वेडा आहे. बंकटलाल अग्रवालांना मात्र त्यात काही वेगळं दिसलं आणि त्यांनी ताजं अन्न आणून दिलं. मग महाराजांनी सगळे पदार्थ एकत्र कालवून खाल्ले. दासगणूंच्या गजानन विजयमध्ये हा प्रसंग आहे, आणि वऱ्हाडातल्या घराघरात तो लहानपणीच कानावर पडतो. आमच्याकडे तर पानात काही उरलं की लगेच या गोष्टीची आठवण दिली जायची. मला लहानपणी त्यात फक्त अन्न वाया घालवू नये एवढंच ऐकू यायचं. आता वाटतं, त्या दिवशी तिथे एक परीक्षाही चालू होती, आणि ती महाराजांची नव्हती. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची होती. उष्ट्यापाशी बसलेल्या माणसात तुम्हाला काय दिसतं, एवढाच प्रश्न.

दिसणं या शब्दापाशी थोडं थांबतो, कारण गीतेत बुद्धीची स्वतंत्र प्रतवारी आहे. अठराव्या अध्यायात, श्लोक ३० ते ३२. सात्त्विक, राजस, तामस. तिथे सात्त्विक बुद्धीची खूण काय दिली आहे? कुठे पुढे व्हायचं आणि कुठे थांबायचं, काय करायला हवं आणि काय नको, हे जिला कळतं ती. उत्तर किती लवकर येतं याचा उल्लेख नाही. चाचणीत प्रश्न छापून दिलेले असतात. घरात प्रश्न कुणी छापून देत नाही, तो आधी दिसावा लागतो. आमच्या कामात म्हणायचं तर, टिकेट कुणी टाकलेलं नसताना काय बिघडत चाललंय हे ज्याला दिसतं तो खरा सीनियर.

माझी आई सातवी शिकलेली आहे. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, आणि आला की किती वेळ राहील याचा भरवसा नाही. त्या पाऊण-एक तासात ती जे करते ते मी बसून पाहिलं आहे. आधी माठ आणि पिण्याचं पिंप. ते भरेपर्यंत मागच्या खेपेचं उरलेलं पाणी बादल्यांत काढलेलं असतं, ते धुण्याला. मग स्वयंपाकाची भांडी, मग मोरीतला ड्रम. धार बारीक झाली की क्रम बदलतो, मोठा ड्रम सोडून लहान हंडे पुढे येतात. हंडा भरत आल्याचं तिला आवाजावरून कळतं, पाठ फिरवून उभी असली तरी. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला. यात अग्रक्रम आहे, अंदाज आहे, चूक झाली तर दोन दिवस भोगायची जबाबदारी आहे. आणि शिवाय शौच आहे, स्थैर्य आहे, म्हणजे आजच्या यादीतले दोन गुण. हे करताना तिला कुणी हुशार म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. म्हटलं तरी तिने ते मनावर घेतलं नसतं.

तर त्या आईनेच एका रात्री विषय काढला. भाचा जेवून उठला, ताट तिथेच. ती म्हणाली, "काहून रे बाबू, हुशार माणसाच्या हाताले ताट चिकटते का?"

भाचाही काही कमी नाही. म्हणाला, "आजी, ज्याला जे जास्त चांगलं जमतं त्याने ते करावं. तेच एफिशियंट असतं. दीदीला भांडी चांगली जमतात."

"तिले जमते, कारण ते रोज करते. तू बी कर, तुले बी जमन."

ताई काही बोलणार होती, पण गप्प राहिली. भाच्याने ताट उचललं. बेसिनमध्ये ठेवताना खरकटं तसंच होतं, ते काढायचं असतं हे त्याला दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं. तिसऱ्या दिवशी नळ आला तेव्हा आईने त्याला नळीपाशी उभं केलं आणि भाचीला सांगितलं, तू आज बसून वाच. त्या दिवशी ड्रम अर्धाच भरला. आईने ते चालवून घेतलं. क्षांती, म्हणजे सहन करणं, हाही त्या वीसातला एक आहे.

आता भाचीच्या प्रश्नाचं. हनुमानापाशी मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली समोरच उभी होती. मारुतीरायाला आपण बुद्धिमंतांत श्रेष्ठ मानतो, पण समुद्र ओलांडायची वेळ आली तेव्हा स्वतःची ताकद त्याला आठवत नव्हती, ती जांबवंताला आठवून द्यावी लागली. मग तो उडाला, आणि तेही दुसऱ्याच्या कामासाठी. घरात जांबवंताचं काम करणारं कुणीतरी लागतं, आणि ते एकाच मुलाच्या वाट्याला येत असेल तर चूक मुलाची नाही, मोठ्यांची आहे.

दुसरी गोष्ट गायत्री मंत्राची. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला हा विश्वामित्रांचा मंत्र, त्यात बुद्धीला प्रेरणा मिळावी अशी प्रार्थना आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कुणाच्या बुद्धीला? तिथे शब्द अनेकवचनी आहे. माझ्या नव्हे, आमच्या. म्हणणारा एकटा बसलेला असला तरी मागतो सगळ्यांसाठी. मी तिला म्हटलं, ऋषींना जर घरात एकच हुशार चालला असता तर त्यांनी एकवचन वापरलं असतं. व्याकरण त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येत होतं.

ती हसली. पटलं की नाही ते सांगत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला मामाचं लगेच पटत नसतं.

पुण्याला परत जाताना ताईने विचारलं, हिचीही एकदा चाचणी करून घेऊ का? मी म्हटलं, तिलाच विचार, आणि निकाल काहीही आला तरी घरातली कामं दोघांत सारखीच राहतील हे आधी सांगून विचार. भाची म्हणाली, दिवाळीनंतर बघू. प्रमाणपत्र नांदुऱ्यातच राहिलं, आईच्या कपाटावर, पंचांगाच्या शेजारी. ती त्यावरची धूळ पुसते.

आज जमलं तर एवढं करा. या पाच श्लोकांतले वीस गुण वहीत लिहून काढा आणि प्रत्येकापुढे तुमच्या घरातल्या एकेका माणसाचं नाव लिहा, ज्याच्यात तो गुण तुम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे. स्वतःचं नाव लिहायचं नाही. मी लिहिलं तेव्हा आईचं नाव सात ठिकाणी आलं, आणि दोन ठिकाणी ताईकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं.

उद्याचं वाचन श्लोक १२ पासून. ज्ञान झालं, आता ज्ञेय, म्हणजे जे जाणायचं ते. थोडा अवघड भाग आहे, सकाळी शांतपणे वाचा.

राम कृष्ण हरी.